केस उपटणं, खपल्या काढणं, नखं कुरतडणं: तुमचे अनुभव

'हात काढ तिथून!' हे ऐकत मोठे झालेल्या सगळ्यांसाठी हा धागा. केस उपटण्याला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव १८८९ मध्ये मिळालं, हालोपो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाकडून. त्वचा कोरण्याच्या विकाराला मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळायला मात्र २०१३ उजाडलं. यात स्वतःला इजा करून घ्यायचा हेतू सहसा नसतोच. तसं वाटत असेल, जीव नकोसा होत असेल, तर इथे लिहीत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, चोवीस तास चालू असतो.

सुरुवात मीच करते. सातवीपासून टाळूवरचे केस. घरच्यांना वाटलं चाई पडली, मग कोणी सांगेल ते तेल. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, केस वेगवेगळ्या लांबीवर तुटलेले होते. आईला बाहेर बसवून त्यांनी विचारलं, "ओढतेस का गं?" लग्नकार्यात गजरा नेमका तिथेच माळायचा, हे ज्यांना कळलं त्यांना बाकी सांगायला नको.

उपयोग झाला तो सवय उलटवण्याच्या उपचाराचा. अ‍ॅझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत. आधी फक्त नोंद: कधी, कुठे, कोणतं बोट. माझा डावा हात, वाचताना, कोपर टेबलावर टेकलं की. मग हात वर निघाला की मूठ आवळून मिनिटभर तशीच ठेवायची. ऊर्मी जाते. परत येते, पण जाते. आता पुस्तक दोन्ही हातांत धरून, मांडी घालूनच वाचते.

अंगठेबहाद्दर: नखांच्या कडेची सालं काढतो. रेशन दुकानात अंगठा उमटेना, मागे रांग, दुकानदार म्हणतो, "पुसून लावा, काका." कडू नेलपेंट लावून झालं, त्याचीही चव आवडायला लागली! सध्या मीटिंगच्या आधी अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळतो आणि नेलकटर खिशात. टोक निघालेलं दिसलं की कापून टाकायचं. टोकच नाही तर ओढणार काय?

एक आई: मुलगी पापण्या उपटायची. आम्ही ओरडायचो, ती बाथरूममध्ये जाऊन उपटायची. समुपदेशक ताईंनी टोकणं बंद करायला लावलं. आजीला ते पटवणं सगळ्यात अवघड गेलं. अभ्यासाला बसताना हातात मऊ ब्रश देतो. एक महत्त्वाचं: मूल उपटलेले केस गिळत असेल आणि पोट दुखणं, उलट्या सुरू झाल्या, तर लगेच दाखवा. पोटात केसांचा गोळा होतो, कधी ऑपरेशन लागतं.

आरसा: माझं नकळत होत नाही, ठरवून होतं. आरशासमोर उभी राहिले की अर्धा तास गेलाच. बेसिनवरचा पांढरा दिवा काढून मंद पिवळा लावला, मुरुमांवर पारदर्शक पट्ट्या चिकटवते. एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन या औषधाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: केस उपटणाऱ्या प्रौढांवरच्या २००९ च्या चाचणीत फरक दिसला, मुलांवरच्या २०१३ च्या चाचणीत नाही. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणू नका.

मला एक सांगा, पार्लरवाली "हे कशाचे डाग?" विचारते तेव्हा तुम्ही काय म्हणता? मी "डास चावले" म्हणते. तिला काही ते पटत नाही.