मदत हवी आहे : छोटा डेस्कटॉप ऑफिसचा सर्व्हर म्हणून चालेल का?

नमस्कार मंडळी,

आमचं आठ जणांचं ऑफिस. सगळ्या फायली सध्या एका सहकाऱ्याच्या पीसीवर शेअर केलेल्या आहेत. त्याने अपडेट टाकून मशीन रीस्टार्ट केलं की बाकीचे सगळे हातावर हात ठेवून बसतात. टॉवर सर्व्हरची कोटेशनं आमच्या कामाच्या मानाने फार जड आहेत, शिवाय ते घोंघावणारं धूड कुणाच्या तरी टेबलाखालीच येणार.

म्हणून वापरलेला लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू टायनी बघतोय. आय५-८५००टी, सहा कोअर, ३५ वॅटचा प्रोसेसर, आकार जाड वहीएवढा. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), साम्बा या प्रोग्रामने फाइल शेअरिंग आणि हिशेबाच्या प्रोग्रामचा पोस्टग्रेस डेटाबेस. एवढ्या कामाला तो पुरून उरेल.

घोडं अडतंय डिस्कपाशी. आत डिस्कला जागा दोनच : एक एम.२ (पट्टीसारख्या वेगवान एसएसडीसाठी) आणि एक २.५ इंची साटा (जुनी, हळू जोडणी), बस. दोन्हींचं मिररिंग केलं, म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर एकदम लिहिला, तर लिहिण्याचा वेग साटाच्या पातळीवर येईल, त्याचं काही नाही. पण ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी नाही, वीजपुरवठा एकच आणि तोही लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरने. मदरबोर्ड गेला तर मिरर काय चाटायचाय? त्यापेक्षा असेच दोन डबे, म्हणजे दोन टायनी, घ्यावेत, दर तासाला आरसिंकने (फायली दुसरीकडे उतरवणारा प्रोग्राम) एकाची नक्कल दुसऱ्यावर करावी, असा माझा कल आहे.

असं कोणी प्रत्यक्ष चालवलंय का? की दोघांवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) टाकून क्लस्टर करावं, म्हणजे दोघं मिळून एकच यंत्रणा? कृपया 'क्लाउडवर टाका' नको, फायली अवजड आहेत.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
दोन डबे उत्तम, पण चालू डेटाबेसच्या फायली आरसिंकने उचलू नका. नक्कल होत असतानाच त्यात लिखाण चालू असतं, हाती लागतो तो विसंगत गोळा. पीजी_डंप (पोस्टग्रेसचाच सुसंगत प्रत काढणारा प्रोग्राम) घ्या किंवा सरळ स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (प्रत्येक बदल लगेच दुसऱ्या डब्यावर पाठवणं) लावा, म्हणजे तासाभराच्या नोंदीही जाणार नाहीत. आणि नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे! कोणी फोल्डर उडवला तर डिलीटचा पर्याय चालू ठेवलेला आरसिंक तो दुसरीकडूनही इमानदारीत उडवतो. जुन्या आवृत्त्या राखणारा बॅकअप वेगळा हवा, त्याची एक प्रत ऑफिसबाहेर. यूपीएस घ्याच. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, तीही लावा.

प्रतिसाद २
दोनच डब्यांचं प्रॉक्समॉक्स क्लस्टर करायला जाऊ नका. एक बंद पडला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, तिसरं मत कुठून तरी आणावं लागतं. आठ जणांसाठी एवढा उपद्व्याप कशाला? साधं डेबियन बरं. मिररिंगही सोडू नका, डिस्क मेली तर काम न थांबता बदलायची वेळ निवडता येते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, आरसिंकचं लक्षातच आलं नव्हतं. एक शंका : पहिला बंद पडला म्हणून दुसऱ्याला पुढे केलं आणि तेवढ्यात पहिला आपोआप चालू झाला तर?

प्रतिसाद १
तर काही नोंदी एकीकडे, काही दुसरीकडे, आणि मग ते जुळवत बसा. म्हणून आधी पहिल्याची नेटवर्क केबल उपसायची, मगच दुसरा प्रमोट करायचा, म्हणजे त्याला मुख्य करायचं. हा क्रम कागदावर लिहून डब्यालाच चिकटवा, कारण त्या दिवशी तुम्ही रजेवर असाल.