नेहरू-लियाकत करार खरोखर फसला का?

चर्चाप्रस्ताव
८ एप्रिल १९५० रोजी दिल्लीत नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी अल्पसंख्याकांविषयी केलेला करार आज सरसकट फसलेला ठरवला जातो, ते मला पटत नाही. दंगलींमुळे भारतातील पश्चिम आणि पाकिस्तानातील पूर्व अशा दोन्ही बंगालांतून माणसे जीव मुठीत धरून निघाली होती आणि युद्धाची भाषा उघडपणे बोलली जात होती. अशा वेळी करारात ठरले, की निर्वासिताला दागिने आणि घरचे सामान नेता येईल, प्रौढामागे १५० व मुलामागे ७५ रुपये रोख नेता येतील आणि जकात नाक्यावर छळ होऊ नये म्हणून तेथे दुसऱ्या देशाचा संपर्क अधिकारी बसेल. मला ही मुत्सद्देगिरी मोलाची वाटते.

प्रतिसाद १
असहमत. अल्पसंख्याकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी करारानुसार नेमायच्या प्रांतिक अल्पसंख्याक आयोगाचा अध्यक्ष त्याच प्रांतिक सरकारचा मंत्री असणार होता. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच दारात दाद मागायची! श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी कराराच्या निषेधार्थ नेहरूंचे मंत्रिमंडळ सोडले, ते समजण्यासारखे आहे. पण पाकिस्तानचे कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल, ज्यांनी मुस्लिम लीगला साथ दिली होती, त्यांनीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला, आणि तेही भारतात येऊन. मंत्र्याची ही गत, तर त्यांच्याच नामशूद्र या दलित जातीतल्या, खेड्यातल्या शेतकऱ्याने कोणाच्या भरवशावर राहायचे?

प्रतिसाद २
मंडल यांचा दाखला बिनतोड आहे, परंतु मग पर्याय कोणता? अल्पसंख्याकांची निष्ठा आपल्याच राज्याशी असेल आणि त्यांनी दादही तेथेच मागावी, असे करारात मुद्दाम लिहिले आहे. शेजारी देशाला पालकत्व दिले की काय होते, ते १९३८ साली तिथल्या अल्पसंख्याक सुडेटन जर्मनांचे निमित्त करून हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला तेव्हा दिसले होते, आणि १९५० मध्ये ती आठवण जेमतेम बारा वर्षांची होती. त्यामुळे ते कलम मला दुबळेपणाचे वाटत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर
आयोगाच्या रचनेबाबतचा आक्षेप मान्य. ३१ डिसेंबर १९५० पर्यंत परतणाऱ्याला घर-जमीन परत देण्याचे कलमही होते, आणि तेवढी आशा दाखवणे मला आजही योग्य वाटते. मात्र मंडल यांच्या मुद्द्याने माझी एक चूक लक्षात आली : मी वाखाणलेला संपर्क अधिकारी निघून जाणाऱ्यांच्या उपयोगाचा होता. जे गावातच राहिले, त्यांच्या वाट्याला तो आयोगच आला.