उमेदवार की नकाशा? ओहायो-९ वरून

टोलेडोकर:
अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या चुरशीच्या जागांचा अंदाज बांधताना आपण फक्त तिथे ट्रम्पना किती मतं पडली ते बघतो. माझं म्हणणं, आधी उमेदवार तपासा. २०२२ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या, त्यात आमचा ओहायो-९ (टोलेडोचा, अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा मतदारसंघ) रिपब्लिकनांकडे झुकला. १९८३ पासून खासदार असलेल्या डेमोक्रॅट मार्सी कॅप्टर पडणार, असं जो तो म्हणत होता. समोर होते रिपब्लिकन जे. आर. मायेव्स्की, घरापुढचं अख्खं गवत रंगवून ट्रम्पचा फलक करणारे. सप्टेंबरात एपी या वृत्तसंस्थेने त्यांच्या लष्करी नोंदी काढल्या. अफगाणिस्तानात होतो म्हणणारे हे गृहस्थ सहा महिने कतारच्या तळावर विमानांत माल चढवत होते! पक्षाने टीव्हीवरच्या जाहिराती काढून घेतल्या आणि कॅप्टर तेरा टक्क्यांनी जिंकल्या.

आकडेमोड:
साफ असहमत. २०२४ मध्ये समोर डेरेक मेरिन होते, असं कुठलंही लफडं नसलेले. कॅप्टर अडीच हजारांहून कमी मतांनी वाचल्या, आणि लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने पंधरा हजारांवर मतं खाल्ली. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर नकाशा पुन्हा बदलला, जागा आणखी रिपब्लिकन झाली. उमेदवाराची थाप एका निवडणुकीपुरती. रेषा पुढच्या निवडणुकीतही असते.

टोलेडोकर:
पण २०२४ च्या मतदानात त्याच दिवशी ट्रम्प इथे सातेक टक्क्यांनी पुढे होते, ते विसरलात. माझे शेजारी जीपच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या अंगणात ट्रम्प आणि कॅप्टर, दोघांच्या पाट्या शेजारीशेजारी. विचारलं, तर म्हणाले, "भावाची अडकलेली पेन्शन तिच्या ऑफिसने सोडवली." हे मत कुठल्या नकाशात दिसतं?

बेळगावची:
आपल्या बेळगावच्या, डेमोक्रॅट श्री ठाणेदारांचा मिशिगन-१३ बघा, डेमोक्रॅटांची पक्की जागा. तिथे नोव्हेंबरची निवडणूक ही औपचारिकता, खरी लढत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात. २०२२ ची प्रायमरी त्यांनी अवघ्या २८ टक्क्यांवर जिंकली. उमेदवार पारखायचा तर तिथेच, आणि तेव्हा आपले बरेच लोक मतदानालाच जात नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

आयोवावासी:
२०२० चं आयोवा-२ कुणी का काढत नाही? जवळपास चार लाख मतं पडली आणि रिपब्लिकन मिलर-मीक्स सहा मतांनी जिंकल्या. सहा! हरलेल्या डेमोक्रॅट रीटा हार्ट यांचं म्हणणं होतं की २२ वैध मतपत्रिका मोजल्याच नाहीत. शेवटी २०२१ च्या मार्चमध्ये त्यांनी संसदेकडची तक्रार मागे घेतली. मी त्या वर्षी प्रचारात मतदारांना फोन करायला बसत होते. पोस्टाने मत देणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारायचं, "पाकिटावर सही केलीत का? नीट चिकटवलंत का?" आमच्या एकूण कामातला हाच भाग मला अजून सगळ्यात मोलाचा वाटतो.