मदत हवी आहे : गॅरेजच्या कोब्यावर ठिबकणारं ऑइल

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी आहे, इंजिनाखालून ऑइल ठिबकतं. चेंबरचा नट घट्ट केला, वॉशरही बदलला, तरी सकाळी बांगडीएवढा काळा डाग असतोच. गॅस्केट बदलायचं ठरलंय, पण तोवर गॅरेजचा कोबा वाचवायचा आहे.

सध्या खाली पुठ्ठा टाकतो. दोन दिवसांत तो भिजून लिबलिबीत होतो आणि ऑइल खाली उतरतं. शिवाय तेल प्यायलेला पुठ्ठा तापलेल्या सायलेन्सरखाली ठेवायचा म्हणजे आगीची भीती. ताज्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकून पायाने रगडतो, तासाभराने झाडून घेतो. वरचं निघतं, मुरलेलं तसंच राहतं. परवा पाणी शिंपडून पाहिलं : कोऱ्या कोब्यात लगेच जिरलं, डागावर मात्र थेंब मोत्यासारखे उभे राहिले.

म्हणूनच कोब्यावर इपॉक्सी (जमिनीवर चढवायचा कडक रंगासारखा थर) मारायची घाई करत नाहीये. तेलकट कोब्यावर ती धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

आता मला हे सांगा : मुरलेलं तेल खरोखर निघेल असं तुम्ही काय वापरलंत? धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि ताठ ब्रश एवढ्यावर भागतं का? आणि खाली काठ असलेला पत्र्याचा ट्रे बरा की मॅट? साधं रबर तेलाने फुगतं, म्हणून मन ट्रेकडेच झुकतंय. धुतल्यावरचं तेलकट पाणी गटारात सोडायचं नाहीये, ते कसं टिपून घेता तेही लिहा.