जड ट्रक उतारावरून इंजिन ब्रेकने सुरक्षित कसा उतरवावा?

प्रश्न
मी दोन वर्षांपासून मालवाहू ट्रक चालवतो. सध्याच्या गाडीचे मालासह वजन सुमारे ४० टन भरते. मागच्या आठवड्यात एका लांब उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी धरणारा इंजिन ब्रेक) चालू असूनही वेग वाढत गेला, म्हणून मी मध्येच खालचा गिअर टाकायला गेलो. पण गिअर पडलाच नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच पळू लागली. पायाच्या ब्रेकने कशीबशी सावरली, तरी खाली थांबल्यावर चाकांतून जळक्या लायनरचा (ब्रेकमधल्या घर्षणपट्टीचा) वास येत होता. माझे नेमके काय चुकले?

उत्तर १
आपण सुखरूप उतरलात, हे वाचून हायसे वाटले. चूक माथ्यावरच झाली होती. इंजिनाचा रोध आरपीएमवर, म्हणजे ते मिनिटाला किती फेरे घेते त्यावर, अवलंबून असतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे एक्झॉस्ट ब्रेक चालू असला तरी गाडीला पुरेसा धरत नाही. ४० टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ३९ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि त्यातला जो वाटा इंजिन व हवेचा रोध घेत नाही तो बहुतांशी ब्रेकच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात) उष्णता होऊन साठतो. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, लायनरचे घर्षणही घटते, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी आवरत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा आणि तळापर्यंत तोच ठेवावा. वेग चढल्यावर खालचा गिअर बहुधा पडत नाही, सोडलेला गिअरही पुन्हा मिळेलच असे नाही, आणि तेवढा वेळ इंजिनाचा रोध पूर्ण नाहीसा होतो.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. गव्हर्नर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) फक्त डिझेल तोडतो. चाकेच इंजिनाला फिरवत असतील तर तो काहीच करू शकत नाही, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

उत्तर २
पायाच्या ब्रेकविषयी थोडी भर घालतो. योग्य गिअर असूनही वेग ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला, तर ब्रेक ठामपणे दाबून साधारण तीन सेकंदांत वेग ताशी ८ किलोमीटरने उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा. पुन्हा मर्यादा गाठली की पुन्हा तसेच करावे. मात्र सतत पंप मारत राहिल्यास ब्रेक चालवणारी टाकीतली हवा संपते, त्यामुळे प्रेशरच्या काट्याकडेही लक्ष असू द्यावे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. पावसातही हीच पद्धत वापरावी का?

उत्तर ३
नाही, तिथे फार जपावे लागते. इंजिन ब्रेक फक्त इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांनाच धरतो. गाडी रिकामी आणि रस्ता निसरडा असेल, तर तीच चाके घसरतात. ट्रेलर जोडलेला असेल तर तो मागून ढकलत राहतो आणि गाडी मध्येच दुमडते. अशा रस्त्यावर इंजिन ब्रेकचा खटका बंद ठेवावा, माथ्यावरच वेग कोरड्या रस्त्यापेक्षा बराच कमी करावा आणि पायाचा ब्रेक हलक्या हाताने वापरावा. चाके घसरू लागल्यावर खटका चालूच असल्याचे लक्षात आले, तर तो लगेच बंद करावा.