मदत हवी आहे: निवृत्तीनंतरच्या भटकंतीसाठी पहिला ट्रक कॅम्पर आणि पिकअप

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, मी येत्या मार्चमध्ये होईन. ह्यांचं वय 66, माझं 62. इतकी वर्षं सुट्टी म्हणजे एकतर भारतवारी, नाहीतर मुलांच्या शाळा सांभाळून काढलेले चार दिवस. आता हा देश सावकाश बघायचा आहे. पहिल्या उन्हाळ्यात बॅडलँड्स, यलोस्टोन, ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं करत सिॲटलला लेकीकडे जायचं आणि थंडीत ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम करायचा, असं मनात आहे. राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पासही काढून झाला (80 डॉलरमध्ये आयुष्यभराचा, आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्म्या दरात जागा).

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारं छोटं घर. ट्रेलरसारखं मागे ओढायचं नसतं. पलंग पुढे, ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर येतो. मुक्कामी चार कोपऱ्यांतल्या जॅकवर ते उभं करून खालून ट्रक काढून घेता येतो. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर नेता येतं आणि मागे घेताना ट्रेलर वळवायची कसरत नाही, म्हणून आम्ही हेच नक्की केलं.

अडलंय ते वजनावर. आमचा बेत होता की आधी ट्रक घेऊ, मग निवांत कॅम्पर शोधू. एका विक्रेत्याकडे वापरलेला रॅम 2500 डिझेल, शॉर्ट बेड (आखूड हौद्याचा), फारच चांगल्या स्थितीत मिळत होता. विक्रेता म्हणाला, "सतरा हजार पाउंड ओढतो, कॅम्परचं काय घेऊन बसलात!" हे सही करायच्या बेतात होते. मी सहज ड्रायव्हरकडचं दार उघडलं, तर दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचे आकडे देणारा पिवळा-पांढरा स्टिकर. त्यावर लिहिलेलं की माणसं आणि सामान मिळून 2,140 पाउंडांच्या वर जाता कामा नये. आम्हाला आवडलेल्या कॅम्परचं नुसतं कोरडं वजनच, म्हणजे पाणी-सामान न भरता, 2,480 पाउंड! ओढायची क्षमता वेगळी आणि पाठीवर घ्यायची वेगळी, हे मला त्या दिवशी कळलं. विक्रेत्याने हे स्वतःहून सांगायला हवं होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन वही घेऊन बसले. कोरडं वजन 2,480. एसी, बाहेर उघडणारं कापडी छत, दुसरी बॅटरी अशा जादा गोष्टी 230. पाणी 30 गॅलन, एक गॅलन सव्वाआठ पाउंडांहून थोडं जास्त भरतं, म्हणजे 250. गीझरमधलं पाणी 50. दोन टाक्यांतला प्रोपेन 40. कॅम्पर ट्रकला बांधायचं सामान 100. कपडे, भांडी, पीठ-तांदूळ-डाळी, खुर्च्या, अवजारं धरून 450. आम्ही दोघं 315. बेरीज 3,915.

त्यानंतर एक फोर्ड एफ-350 बघितला. पेट्रोलचं 7.3 लिटर इंजिन, लाँग बेड (लांब हौद्याचा), मागे दोनच चाकं. त्याचा स्टिकर 4,010 म्हणतो. म्हणजे 95 पाउंड शिल्लक. ह्यांचं म्हणणं, बसतंय ना, मग घेऊ. मला धीर होत नाही.

दुसरी गोष्ट पलंगाची. ऑक्टोबरमध्ये युटात चार दिवस एक कॅम्पर भाड्याने घेतला होता. पलंग आडवा होता, म्हणजे ट्रकच्या रुंदीत. हे आतल्या बाजूला. रात्री दोनदा उठायचं म्हणजे माझ्या अंगावरून रांगत यायचं. छत इतकं खाली की बसताही येत नाही. तिसऱ्या रात्री अंधारात पायरीवरून ह्यांचा पाय सटकला. सुदैवाने फक्त नडगीला खरचटलं, पण मी उरलेली रात्र जागीच होते.

तर विचारायचंय ते असं: 95 पाउंड शिल्लक पुरेत का? मागे चार चाकं असलेला ड्यूअली घ्यावा का? की कॅम्परच लहान, कापडी भिंती वर उचलता येणारा पॉप-अप घ्यावा? आणि रोज कुकर लावणाऱ्या, पोळ्या करणाऱ्या माणसांना आत जमतं का?

---

सह्यवाटा:

ताई, स्टिकर वाचलात ते फार बरं केलंत. आम्ही पाच वर्षं कॅम्पर घेऊन फिरतोय आणि आमची पहिली चूक हीच होती.

आधी कॅम्पर ठरवा, त्याचं भरलेलं वजन काढा, मग ट्रक. उलटं केलं की ट्रकशी जुळवून घेण्यातच सगळा जीव जातो. डिझेल इंजिन स्वतःच शेकडो पाउंड जड असतं, म्हणून त्याच मॉडेलच्या पेट्रोल ट्रकला पेलोड, म्हणजे पाठीवर घ्यायची क्षमता, जास्त मिळतो. हे कळायला मला एक ट्रक विकावा लागला.

95 पाउंड म्हणजे काहीच नाही. माहितीपत्रकातलं वजन क्वचितच खरं निघतं. आमचा कॅम्पर पहिल्यांदा काट्यावर चढवला तेव्हा माझ्या हिशेबापेक्षा 370 पाउंड जास्त भरला. तुमची यादी चांगली आहे, पण घाणपाण्याच्या टाक्या भरत जातात ते त्यात नाही. एकूण वजनाइतकाच मागच्या आसाचा आकडा महत्त्वाचा. तो दाराच्या चौकटीवरच दुसऱ्या स्टिकरवर सापडेल. कॅम्परचा जवळजवळ सगळा भार त्याच आसावर आणि त्या दोन टायरांवर येतो. कोणी म्हणेल, मागच्या स्प्रिंगांना आधार द्यायला हवेच्या उशा (एअरबॅग) बसवा. त्याने ट्रक सपाट उभा राहतो आणि डुलणं कमी होतं, पण स्टिकरवरचा आकडा पाउंडानेही वाढत नाही.

कॅम्परवर गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या आसाच्या थोडी पुढेच यायला हवी. शॉर्ट बेडवर मोठा कॅम्पर ठेवला तर ती मागे सरकते आणि पुढची चाकं हलकी होतात. वळणावर स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं की पोटात गोळा येतो.

तोच कॅम्पर हवा असेल तर माझं मत ड्यूअली. वायोमिंगच्या वाऱ्यात फरक कळतो. जॅक मात्र रुंद पायांचे लागतील, नाहीतर मागची फुगीर चाकं त्यांच्यामधून जायची नाहीत. रोजच्या वापराला ड्यूअली त्रासाचा वाटत असेल, तर कॅम्पर पाच-सहाशे पाउंडांनी हलका निवडा आणि तो एफ-350 घ्या. घेण्याआधी ट्रक टाकी भरून, दोघं आत बसून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) नेऊन या. पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं छापून मिळतं.

---

कृष्णाकाठ:

पलंग उभाच घ्या, म्हणजे पाय मागच्या दाराकडे येतील असा. दोघांनाही आपापल्या बाजूने उतरता येतं. याबाबतीत तडजोड करू नका. वर चढायची पायरी रुंद आहे ना, रात्री हाताला धरायला काही आहे ना, हे दुकानातच दिवे बंद करून बघा.

पॉप-अप हलका असतो, वाराही कमी लागतो, पण रोज छत उचलायचं, उतरवायचं. साठीनंतर खांद्यांना विचारून ठरवा. थंडीत कापडी भिंतींतून गारवाही येतो.

कुकर चालतो. शिट्टीच्या वेळी छतातला पंखा बाहेर हवा फेकत ठेवायचा आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. नाहीतर वाफ रात्री गादीखाली साचते आणि बुरशी धरते. आम्ही गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घातली आहे. पोळ्या मी बाहेर, शेगडीवर करते. आत तव्याच्या धुराने अलार्म वाजतो.

---

मोंटानाचा_मामा:

ग्लेशियरला जाताय म्हणून एक. गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या घाटात, ॲव्हलांच ते रायझिंग सन, 21 फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत. चार दारांचा लाँग बेड एफ-350 कॅम्पर उतरवूनही 22 फुटांच्या वर जातो. तिथल्या टप उघडणाऱ्या लाल बसचं आरक्षण आधीच करा.

तुमच्या मिस्टरांचं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कोणतं आहे तेही बघा. खासगी कंपनीची ॲडव्हांटेज योजना असेल तर डॉक्टर-हॉस्पिटलांचं नेटवर्क बहुधा आपल्या भागापुरतंच असतं.

---

मूळ लेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही उत्तरं ह्यांना वाचून दाखवली. घाणपाण्याचं लक्षातच आलं नव्हतं. ह्यांनी वही ओढून घेतली आणि 3,915 च्या खाली स्वतःच्या हाताने 370 लिहिले. त्या एफ-350 वाल्याला फोन करून नाही सांगितलं.

उभा पलंग नक्की. आता 1,900 पाउंडांच्या आसपास कोरडं वजन असलेला, कडक भिंतींचा, स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकणारा खोलीचा भाग) नसलेला कॅम्पर शोधतोय. सह्यवाटा, तुमचा कॅम्पर कोणता आणि आत उभं राहिल्यावर डोक्यावर किती जागा उरते? ह्यांची उंची सहा फूट आहे.