कुत्र्याच्या कोरड्या खाण्याला बुरशी: ऊन दाखवून चालेल का?

लॅबवाली_ठाणे
१० किलोची पिशवी, मका जास्त असलेलं खाणं. प्लास्टिकच्या डब्यात ओतून ठेवलं होतं. तळाला दाणे चिकटून गठ्ठे झालेत, कुबट वास येतोय. वरचं चांगलं दिसतंय. गठ्ठे काढून बाकीचं उन्हात किंवा कढईत परतून दिलं तर?

दाणापाणी
नको, वरचंही नको. परतल्याने बुरशी मरते, तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष जात नाही. त्याचा बी१ हा प्रकार अडीचशे अंशांपुढे तग धरतं, कढईचं काय घेऊन बसलात! आणि हे विष सगळीकडे सारखं पसरत नाही. एका मुठीत काहीच नाही, शेजारच्या मुठीत भरपूर. म्हणूनच एक नमुना तपासून निर्धास्त होऊ नये.

दुसरं म्हणजे, विष बहुतेकदा शेतात किंवा गोदामात मक्यावरच तयार होतं. कारखान्यातल्या उष्णतेने बुरशी जाते, विष उरतं. त्यामुळे पिशवी दिसायला स्वच्छ, वासही नाही, तरी घातक असू शकते. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये स्पोर्टमिक्स हे कुत्र्यांचं खाणं परत मागवलं, तेव्हा ११०हून अधिक कुत्र्यांचे मृत्यू नोंदले गेले. तिथे खाण्यात या विषाची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम.

लॅबवाली_ठाणे
दोन दिवस तेच खाल्लंय. अजून खेळतोय, जेवतोय.

पशुवैद्य_सातारा
खेळतोय म्हणून थांबू नका, यकृत बरंच बिघडेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. आजच एएलटी, बिलिरुबिन (दोन्ही यकृताच्या रक्ततपासण्या) आणि रक्त गोठण्याची वेळ (पीटी) तपासा. आकडे ठीक आले तरी काही दिवसांनी पुन्हा. खाणं सोडणं, उलट्या, गडद लघवी, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, काळी शी, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. उतारा औषध नाही. सलाइन, के१ जीवनसत्त्व, यकृताला आधार देणारी औषधं, एवढंच हातात. माणसांच्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल, अजिबात नको. पुढे तपासायला लागलं तर म्हणून अर्धा किलो खाणं हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, पिशवीवरच्या बॅच नंबरचा फोटो काढा.

दाणापाणी
पुढच्या वेळी ओतू नका, पिशवीच डब्यात ठेवा. ओतलेल्या डब्यात जुनी चरबी तळाला चिकटते, बॅच नंबरही जातो. पावसाळ्यात ३ किलोचीच घ्या, ओल्या हाताने वाटी बुडवू नका. घरच्या जेवणात शेंगदाणा पेंड किंवा बुरशी आलेली भाकरी घालत असाल तर तेही बंद. पेंडीत हेच विष सापडतं, शिळ्या भाकरी-पावावरच्या बुरशीने झटके येऊ शकतात.